मुखत्यार मत

६ फेब्रुवारी

ताई,

पत्र पाहून दचकू नकोस, मी आहे अजून. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाला तुला मधेच गप्प करता येणार नाही.

मला राजीनामा द्यायचाय.

डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा. सकाळी यंत्राला जोडतात, दुपारी सोडतात, आणि उरलेला दिवस मी पिळून टाकलेल्या फडक्यासारखा पडून असतो. मूत्रपिंडांनी कधीच हात वर केले, आता हृदयाचीही कुरकुर चालू झालीय. राजधानीपर्यंत गाडीने अख्खा दिवस जातो. गेल्या अधिवेशनात मी जेमतेम दोनदा आलो, तेही तुमच्या प्रतोदाने फोनवर माझा बाप काढला म्हणून.

इथल्या लोकांनी मला निवडून दिलं ते त्यांच्या पोरांना मी पोहायला शिकवलं म्हणून. तलावाच्या काठावर शिट्टी फुंकणारा माणूस संसदेत काय दिवे लावणार, हे तुलाही ठाऊक होतं. पण तू म्हणालीस, उभा राहा. मी उभा राहिलो. तुझं मी कधी मोडलंय? आई गेल्यावर तूच मला न्हाऊमाखू घातलंस, तूच शाळेत सोडलंस, तूच झोडपलंस. पण आता मला खरोखरच उभं राहता येत नाही गं.

माझ्या जागी कुणी धडधाकट माणूस येऊ दे. इथलं रुग्णालय तेवढं टिकवील असा. बाकी काही मागणं नाही.

ही म्हणते, ताईंना विचारल्याशिवाय काही करू नका. म्हणून विचारतोय.

तुझा,
ठोंब्या


१२ फेब्रुवारी

ठोंब्या,

राजीनामा हा शब्द पुन्हा लिहिलास तर तिथे येऊन कान उपटीन.

आमचं बहुमत केवढंसं आहे ते तुला माहीत आहे. दोघंजण सर्दीने घरी बसले की मंत्र्यांना घाम फुटतो. तू गेलास की पोटनिवडणूक, आणि तुझ्या गावात तू सोडून आपल्या पक्षाला कुत्रं विचारत नाही.

आता गप्प बसून ऐक. माझ्या कामकाज सुधारणा समितीचा अहवाल पुढच्या महिन्यात सभागृहापुढे येतोय. चार वर्षं मी त्याच्यामागे लागलेय. लोक मला मागून काय काय म्हणतात ते मला कळतं. घड्याळवाली बाई म्हणतात, का तर बैठका ठरल्या वेळी संपाव्यात असं मी लिहिलं. पण त्यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. आजारी, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेला, अशा सदस्याला आपलं मत दुसऱ्या सदस्याच्या हाती सोपवता येईल. मुखत्यार मत असं नाव दिलंय. तू तिकडे निवांत पडून राहा, तुझं मत इथे पडेल.

आत्ताचे नियम कुणाच्या आजोबांच्या काळातले आहेत देव जाणे. मत द्यायचं तर जातीने हजर राहायचं, नाव पुकारल्यावर उभं राहायचं, तोंडाने होय किंवा नाही म्हणायचं, आणि मोजणी संपेपर्यंत दारांना कुलूप. तुझे दाजी रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात शेवटचे श्वास घेत होते तेव्हा मी त्या कुलपाच्या आत होते. मी द्वारपालाचे पाय धरले. तो म्हणाला, बाई, नियम आहे. मतदान कशावर होतं सांगू? पशुखाद्यावरच्या करात कुठलीशी दुरुस्ती.

बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड झाकलेलं होतं.

तेव्हा हे सगळं मी कशासाठी करते ते मला विचारू नकोस. मार्चपर्यंत तग धर. औषधं चुकवू नकोस.

ताई


३ मार्च

ताई,

दाजींचं तू पहिल्यांदाच बोललीस. आम्हाला तेव्हा एवढंच कळलं होतं की तुला पोचायला उशीर झाला. मी तर मनात धरून होतो की तू भाषण करत बसली असशील. चुकलो. राजीनाम्याचं नाव काढत नाही.

पण एक गोष्ट माझ्या टाळक्यात शिरत नाही. आजाऱ्याला घरून मत देता यावं हा नियम मंजूर करायचा, तर त्यासाठी आजाऱ्याला तिथे यावंच लागणार ना? ही हसायला लागली. म्हणाली, इतकी वर्षं पाण्यात राहून डोक्यात पाणी शिरलं नाही म्हणायचं तुमच्या.

येणं जमेलसं वाटत नाही. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, यंत्राची एक पाळी चुकली तरी फुप्फुसांत पाणी भरेल, आणि पोहण्याचे मास्तर कोरड्या जमिनीवर बुडतील. विनोद त्यांचा आहे, माझा नाही. बाई चेहऱ्यावरची रेघ न हलवता असलं बोलतात.

तू दातवाल्याला विचार. विरोधी बाकांवरचा तो दातांचा डॉक्टर. ग्रंथालय समितीत माझ्या शेजारी बसायचा. त्याच्याशी माझी जोडी लाव. मी आलो नाही तर त्यानेही मत द्यायचं नाही, म्हणजे दोन्ही पारडी जिथल्या तिथे. पूर्वी सर्रास चालायचं असं. तो नाही म्हणायचा नाही. माझी दाढ त्यानेच काढलीय, संसदेच्या विश्रांतीच्या खोलीत, सोफ्यावर आडवं पाडून. पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, विरोधकाचे दात काढायची संधी रोज मिळत नाही.

आणि अगदीच यावं लागलं तर एवढं कर, मला मागच्या दाराने ने. तिथे सफाईवाल्यांची लिफ्ट आहे. माझा फोटो पेपरात यायला नको. गावातल्या पोरांनी मला उंच फळीवरून सूर मारताना पाहिलंय. त्यांच्या डोळ्यांपुढे तेवढंच राहू दे.

ठोंब्या


११ मार्च

ठोंब्या,

दातवाल्याने कानावर हात ठेवले. त्यांच्या पक्षाने यंदा कुणाशीही जोडी लावायची नाही असं ठरवलंय म्हणे. तुझं नाव काढलं तर इकडेतिकडे बघायला लागला. माणसं तोंडावर गोड असतात, मी तुला किती वेळा सांगितलंय.

तेव्हा गुरुवारी तुला यावं लागेल. रुग्णवाहिका आणि परिचारिका पक्षाकडून येईल. बुधवारी सकाळचं डायलिसिस उरकून निघ, गुरुवारी दुपारी मतदान, लगेच परत. तुमच्या डॉक्टरीणबाईंशी मी बोलले. त्या नाहीच म्हणत होत्या. मी म्हटलं, बाई, हा एकदा आला तर पुन्हा कधीच यावं लागणार नाही. मग तयार झाल्या.

मागच्या दाराचं बघते.

ताई


२० मार्च

ठोंब्या,

जिंकलो!

तू घरी पोचलास आणि थेट रुग्णालयात गेलास असं तुझ्या बायकोने कळवलं. थकवा आहे, उतरेल.

लिफ्टचं फार वाईट वाटतं. नेमकी त्याच दिवशी बंद पडायची होती. मुख्य दारातूनच न्यावं लागलं, आणि पायऱ्यांवर पत्रकार होते, त्याला कोण काय करणार.

तुला आतलं कितपत आठवतंय कोण जाणे, म्हणून सांगते. तुझी खुर्ची आत ढकलली. तुझं नाव पुकारलं. दोन द्वारपालांनी काखेत हात घालून तुला उभं केलं. अरे, अंगावर दाजींचा कोट नुसता लोंबत होता, तुला दिला होता तेव्हा बटणं लागत नव्हती. तू 'होय' म्हणालास. सगळ्यांना ऐकू गेलं. आणि मग ओकलास. गालिचावर, थोडं अर्थमंत्र्यांच्या बुटांवर. ते पाय मागे घ्यायलाही विसरले.

त्यानंतर जी माणसं नाही म्हणायला आली होती ती एकामागून एक होय म्हणत गेली. तो जाड भिंगांचा म्हातारा, जो चार वर्षं मला छळत होता, तो तर रडत उभा राहिला. आमच्या हिशेबाने काठावरचं मतदान होतं, आणि झालं काय, तर वर्षानुवर्षं कुणी पाहिलं नाही असं बहुमत.

फोटो सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर आहे. तू बघू नकोस.

सोबत मुखत्यारपत्र पाठवते. मुखत्यार म्हणून माझं नाव घातलंय. डॉक्टरीणबाईंसमोर सही कर आणि त्यांचा शिक्का घे. आता तुला कुण्णी हलवणार नाही.

ताई


१४ एप्रिल

ताई,

अक्षर बघून चक्रावली असशील. हे हिचं आहे. परत येताना रुग्णवाहिकेतच माझा श्वास अडकला. इथे पोचल्यावर बाईंनी पाणी काढलं, पण मग मेंदूत गुठळी झाली. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभही वाकडी चालते. मी बोलतो आणि ही लिहिते. (सगळं कळत नाही, निम्मं अंदाजाने लिहिते. चुकलं तर माझ्यावर चिडतात.)

मुखत्यारपत्र सोबत आहे. डाव्या हाताने सही केली. कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखी दिसते, पण बाईंनी शिक्का मारला.

फोटोचं तू मनाला लावून घेऊ नकोस. इथे सगळ्यांनी पाहिला. पोरं येऊन खिडकीतून बघून गेली. एकाने विचारलं, मास्तर, तुम्ही कशासाठी ओकलात? मी सांगितलं, पुढे कुणाला ओकायला लागू नये म्हणून. त्याला पटलं. मलाही पटतं, बहुतेक वेळा. दाजींसाठी माझ्याकडून काहीतरी झालं असं वाटतं. तू तर त्या दारापाशी एकटीच होतीस.

दातवाल्याचा मात्र राग जात नाही. हिच्याकडून त्याला एक चिठ्ठी लिहवून घेतली, की माझी दाढ परत आणून दे. (मी नको म्हणत होते. अजूनही नकोच होती.)

आता कामाचं. छोटी रुग्णालयं बंद करून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मिळवायचं विधेयक येतंय असं ऐकतो. आमचंही नाव त्यात आहे. ताई, इथे यंत्रं तीनच आहेत आणि त्यांच्यावर आम्ही बाराजण जगतो. शहर चार तासांवर. माझ्या शेजारच्या खाटेवर एक ट्रकवाला असतो, त्याच्या दोन्ही मुलींना मी पोहायला शिकवलंय. त्याने मला विचारलं, तर मी छातीवर हात ठेवून सांगितलं, माझं मत नाही म्हणून पडेल. छातीवर डावा हात ठेवावा लागला, पण सांगितलं.

तेव्हा त्या विधेयकावर माझं 'नाही'. हे लेखी समज.

ठोंब्या


२ मे

ठोंब्या,

मुखत्यारपत्राची नोंद झाली. या नियमाखालची पहिली नोंद तुझी आहे. सचिवांनी मुद्दाम उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं.

हाताचं ऐकून वाईट वाटलं. व्यायाम करत जा, रबरी चेंडू दाबायचा असतो म्हणे.

रुग्णालयाचं माझ्या लक्षात आहे. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. गडबडीत आहे.

ताई


२९ मे

ताई,

मी बोलतोय तसंच्या तसं लिहायचं असं हिला बजावलंय.

बुधवारी दुपारी आम्ही सगळे यंत्राच्या खोलीत होतो. परिचारिकेने रेडिओ लावला होता. बातमीदाराने सांगितलं, विधेयक एका मताने मंजूर. मग कुणी कुठे मत दिलं ते सांगायला लागला, आणि माझं नाव आलं. मुखत्यारामार्फत, होय.

ट्रकवाल्याच्या नळ्या चालू होत्या, त्याला हलता येत नव्हतं. त्याने नुसती मान वळवली.

"मास्तर, तुम्ही?"

"मी नाही रे. मी नाही म्हणून कळवलं होतं."

"मग तिथे कुणी म्हटलं होय?"

"माझ्या बहिणीने."

"सही कुणाची होती त्या कागदावर?"

त्याने मान परत भिंतीकडे केली. माझी जीभ आधीच वाकडी, त्यात रागाने आणखी वळेना. मी ओरडून सांगत होतो आणि त्यांना नुसतं गुरगुरणं ऐकू जात होतं. शेवटी परिचारिकेने मला सुई दिली. तेव्हापासून इथे माझ्याशी कुणी बोलत नाही. डॉक्टरीणबाई नाडी बघतात, आकडा लिहितात, जातात. त्यांचे ते विनोदही बंद झाले.

शनिवारी दातवाला आला. एवढ्या लांब, स्वतः गाडी चालवत. माझी चिठ्ठी त्याच्या खिशात होती. खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसला. म्हणाला, "दाढ नाही सापडली."

मी तोंड फिरवलं. तो हिच्याकडे वळला. म्हणाला, "वहिनी, मी दोनदा गेलो होतो यांच्या ताईंकडे. आपण होऊन. म्हटलं, त्यांना आणू नका, मी मत देणार नाही, लिहून देतो. पहिल्यांदा म्हणाल्या, बघते. दुसऱ्यांदा म्हणाल्या, मला जोडी नको. मला तो इथे हवाय."

(हे लिहिताना माझा हात थांबला होता. ते म्हणाले, लिही.)

ताई, मला दोनच गोष्टी कळव. तो म्हणाला ते खरं का. आणि मुखत्यारपत्र कधी परत करतेस.

तुझा भाऊ


५ जून

ठोंब्या,

खरं आहे.

लिफ्टही चालू होती, तेही सांगून टाकते, म्हणजे कुणी दुसरा यायला नको सांगायला. पत्रकारांना वेळ मीच कळवली होती.

मी गयावया करीन अशी वाट बघत असशील तर बघू नकोस. चार वर्षं मी त्या लोकांपुढे आकडे ठेवले, भाषणं केली, इतर देशांचे दाखले दिले. जांभया दिल्या त्यांनी. दाजींची गोष्ट सांगितली तर एकाने विचारलं, बाई, मग तुम्ही त्या दिवशी रजा का नाही घेतली? तुझी जोडी लावली असती तर हिशेब बरोबर जुळला असता आणि आम्ही चारपाच मतांनी हरलो असतो. जोडीला चेहरा नसतो. मला त्यांना एक माणूस दाखवायचा होता, आणि माझ्याकडे तूच होतास. परवा एक बाळंतीण सदस्य मला भेटली. पोर छातीशी धरून घरून मत दिलं तिने. तिने माझे हात डोळ्यांना लावले. ते हात तुझेच समज.

विधेयकाबद्दल. अर्थमंत्र्यांनी माझ्या सुधारणांना पाठिंबा दिला तेव्हाच त्यांनी मला सांगितलं होतं की पुढे आमच्या एका विधेयकाला तुमच्याकडून एकही मत फुटता कामा नये. मी शब्द दिला होता. तुझं मत फुटलं असतं तर माझा शब्द पडला असता आणि सरकारही. तुला तेव्हाच कळवलं असतं तर तू रडारड केली असतीस, म्हणून नाही कळवलं.

मुखत्यारपत्र परत करता येत नाही. ते रद्द करायचं तर सदस्याने स्वतः सचिवांपुढे हजर राहावं लागतं. ती अट मीच घातलीय. उशाशी बसलेल्या बायकोने किंवा पोराने आजाऱ्यावर दबाव आणून रोज मत फिरवू नये म्हणून. तेव्हा दोन्ही बाजूंनी बाकं वाजवली होती.

आता माझं ऐक. तिथलं बंद झालं की तू इकडे ये. इथल्या मोठ्या रुग्णालयात तुझ्यासाठी खाट सांगून ठेवते. एकाची सोय नक्की होईल.

ताई


२२ जून

ताई,

एकाची सोय होईल असं तू लिहिलंस ते हिने मला वाचून दाखवलं नाही. मागाहून मी कागद डाव्या हाताने उचलून स्वतः वाचला. वाचता अजून येतं.

रुग्णालय बंद झालं. खाटा टेंपोत भरल्या. यंत्रं न्यायला चारजण आले होते, दारातून निघेनात म्हणून चौकटच काढली. डॉक्टरीणबाईंची बदली झाली. जाताना माझ्या उशाशी आल्या. म्हणाल्या, मी त्या बुधवारी तुम्हाला सोडायला नको होतं. मग हिला औषधांच्या वेळा सांगून गेल्या.

आता आम्ही आठवड्यातून तीनदा पहाटे बसने शहरात जातो. मला मागच्या बाकावर आडवं घालतात. पहिले काही दिवस ट्रकवाला पुढे बसायचा, माझ्याकडे पाठ करून. गेल्या सोमवारी परतीच्या वाटेवर त्याने मान टाकली. चालकाने बस बाजूला घेतली. आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो, कारण दुसरी गाडी यायला वेळ लागणार होता आणि त्याला एकट्याला सोडून जायला कुणी धजेना. माझ्या जागेवरून मला फक्त त्याची चप्पल दिसत होती.

त्याची थोरली मुलगी परवा घरी आली. मी म्हटलं, आता ही माझ्या तोंडावर थुंकणार. ती बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "मास्तर, मला एकच सांगा. तुम्हाला खरंच कुणी विचारलं नव्हतं?"

मी मान हलवली.

ती म्हणाली, "मग सांगा की तसं मोठ्याने. बाबांना सांगायचं राहिलं, आम्हाला तरी सांगा."

म्हणून राजीनामा लिहिला. फक्त दोन ओळी, की माझं मत माझं नाही, म्हणून ही जागाही माझी नाही. सभापतींना पाठवला. तो परत आला. गैरहजर सदस्याचा राजीनामा तुझ्या समितीमार्फतच यावा लागतो म्हणे, नव्या नियमाप्रमाणे. आता तुझ्याकडे पाठवतोय. डाव्या हाताने सही केलीय, तशीच, जशी मुखत्यारपत्रावर होती.

तो पुढे पाठव. मी भांडत नाही. मला फक्त यातून सोड. त्या द्वारपालाने तुला अडवलं तेव्हा त्याची तरी तू कुणी लागत नव्हतीस. तू मला न्हाऊ घातलंयस, ताई.

भाऊ

(वन्सं, हे मी माझ्या मनाने लिहिते, त्यांना सांगितलेलं नाही. ते आता रात्रीचे झोपत नाहीत. बसमधल्या लोकांची नावं घेत राहतात. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. एवढी एक सही करा.)


१ जुलै

ठोंब्या,

तुझा राजीनामा समितीपुढे ठेवला. समितीने तो पुढे पाठवायचा नाही असं ठरवलं. कारणं तुला कळवायला हवीत, म्हणून लिहिते.

पहिलं, मजकूर तुझ्या बायकोच्या अक्षरात आहे. सोबतच्या पत्रात तिने तुझ्या अपरोक्ष चार ओळी घुसडल्यात, हे तिच्याच शब्दांत माझ्यासमोर आहे. आजाऱ्यावर घरच्यांचा दबाव आहे की नाही हे पाहणं समितीचं कामच आहे, आणि यापेक्षा उघड दाखला आम्हाला मिळाला नसता. तिला बोलू नकोस, बायका हळव्या असतात.

दुसरं, सही तुझ्या मूळ सहीशी जुळत नाही. तू म्हणशील मुखत्यारपत्रावरचीही जुळत नव्हती. बरोबर आहे, पण त्याच्यावर तुमच्या रुग्णालयाचा शिक्का होता. यावर नाही. आणि आता तो मिळणारही नाही, कारण रुग्णालय नाही.

तिसरं, तू झोपत नाहीस आणि मेलेल्या माणसांशी बोलतोस असं तिनेच लिहिलंय. अशा अवस्थेतला निर्णय स्वखुशीचा मानता येत नाही. बरा झालास की पुन्हा अर्ज कर.

ट्रकवाल्याचं ऐकून वाईट वाटलं. त्याच्या घरी पक्षाकडून पुष्पचक्र पाठवायला सांगितलंय, तुझ्या नावाने.

खाटेचं मात्र जमलं नाही. विलीनीकरणामुळे इथेही रांग लागलीय, आणि ओळखीने आत घुसवलं असं कुणी म्हणायला नको, विशेषतः आत्ता. तू शहरातच जात राहा, बसची सवय होईल. उशी मानेखाली घे, पाठीखाली नको.

एक आनंदाची बातमी शेवटी ठेवलीय. या आठवड्यात तू चार वेळा मत दिलंस. बंदरांचं खातं, शिक्षकांची पेन्शन, आणखी दोन किरकोळ. सगळीकडे होय. धडधाकट होतास तेव्हा तुझी कधी इतकी हजेरी नव्हती, प्रतोद तर तुझ्यावर भलताच खूश आहे. शुक्रवारी सभागृहाने तुझ्या चिकाटीबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडला. एकमताने मंजूर झाला. तुझंही मत मी त्याच्याच बाजूने दिलं.

ताई